शेवटची वीत

ड्रोन पडला तर उंचावरून पडत असेल, असं खालून पाहणाऱ्याला वाटतं. उडवणाऱ्याचा अनुभव वेगळा असतो. शंभर फुटांवर वाऱ्यात ठाम उभा राहिलेला ड्रोन जमीन वीतभर उरली की बिथरतो. एक पाय टेकतो, दुसरा टेकत नाही, अंग कलतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो कुशीवर आडवा होतो. पाती माती खणतात, कॅमेऱ्याची नाजूक मान मुरगळते. सगळं उड्डाण नीट पार पडलेलं असतं, घात होतो तो शेवटच्या वितीत.

त्या वितीत नेमकं काय घडतं याचा शोध घेत गेलं, की वाटेत चंद्र लागतो, मंगळ लागतो आणि आपलं वालचंदनगरही लागतं.

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की पिंपळी येतं. नीरा डाव्या कालव्यावर पोसलेला हा ऊसपट्टा. इथे ड्रोन आता कुणाला नवा नाही. लग्नाच्या शूटिंगला तो असतो, जत्रेत असतो, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या शिवारात आणि जानेवारीतल्या ‘कृषिक’ प्रदर्शनात फवारणीचे मोठे ड्रोनही पाहायला मिळतात. आकाश मोकळं आहे, उडवायला अडचण नाही. उतरवायला मात्र हे रान अवघड. उभ्या उसात उतरता येत नाही. लागणीच्या रानात सरी-वरंबा, म्हणजे दोन पाय वर आणि दोन खाली. ठिबकच्या नळ्या पायात अडकतात. बांध अरुंद असतो. ऊस तुटून गेलेलं रान दिसायला सपाट, पण पाचटाखाली बुडखे लपलेले असतात.

अशा तुटून गेलेल्या रानाच्या कडेला, ड्रोनपासून चांगलं अंतर राखून उकिडवं बसा आणि नजर ड्रोनवर न ठेवता त्याच्या खालच्या पाचटावर ठेवा. ड्रोन पुरुषभर उंचीवर आहे तोवर पाचट जेमतेम थरथरतं. कंबरेएवढ्या उंचीवर आला की सुटी पानं सरकायला लागतात. गुडघ्याच्या खाली आला की धुळीचं एक कडं तयार होतं आणि ते सगळ्या बाजूंनी बाहेर पळत सुटतं. मधोमध मात्र चमत्कारिक प्रकार दिसतो. ड्रोनच्या बरोबर पोटाखालची बारीक पानं बाहेर न जाता वर उसळतात आणि त्याच्या बुडाला जाऊन आपटतात.

ड्रोन हवेत राहतो तो हवा खाली ढकलून. उंचावर ही हवा खाली निघून जाते, तिचा पुन्हा संबंध येत नाही. जमीन जवळ आली की तिला खाली जायला वाट राहत नाही, ती आडवी पसरते आणि पंख्याखाली तुंबते. तेवढ्याच ताकदीत फिरणारा पंखा मग जास्त उचल देतो. हेलिकॉप्टरच्या दुनियेत हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. चीजमन आणि बेनेट या ब्रिटिश संशोधकांनी १९५०च्या दशकात त्यासाठी एक सुटसुटीत सूत्र मांडलं, ते आजही शिकवतात. एका पंख्यासाठी त्या सूत्राचा हिशोब असा येतो: पंखा जमिनीपासून स्वतःच्या त्रिज्येइतक्या उंचीवर असेल तर उचल साधारण ७ टक्के वाढते. त्रिज्येच्या निम्म्या उंचीवर आला तर तब्बल ३३ टक्के. घडीच्या ड्रोनचा पंखा साधारण वीतभर व्यासाचा असतो, म्हणजे त्रिज्या अर्धी वीत. हा सगळा खेळ त्या शेवटच्या वितीतच का होतो, ते यात आलं.

उचल वाढते हे ऐकायला चांगलं वाटतं. पण पंखे चार आहेत आणि चौघांखाली जमीन सारखी नाही. ड्रोन बांधाच्या कडेवर उतरवला तर दोन पंख्यांखाली बांध येतो, दोघांखाली पोकळी. बांधावरचे दोन पंखे फुकटची उचल मिळवतात, उरलेले दोन मिळवत नाहीत, आणि ड्रोन पोकळीच्या बाजूला कलतो. लोक खुर्चीवर, खोक्यावर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ड्रोन उतरवायला जातात, कारण ती जागा सपाट आणि स्वच्छ दिसते. आकारानं लहान असलेली उंच जागा ही उतरण्यासाठी सर्वांत वाईट जागा, असं माझं मत आहे. मातीचा का होईना, पण चारी बाजूंना दोन-दोन हात मोकळा असलेला सपाट तुकडा तिच्यापेक्षा कितीतरी बरा.

पोटाखाली उसळणाऱ्या पानांचं उत्तरही याच हवेत आहे. चार पंख्यांची हवा जमिनीवर आपटून आडवी पसरते तेव्हा आतल्या बाजूला आलेले चार प्रवाह मधोमध एकमेकांवर धडकतात. त्यांना बाहेर जायला वाट नसते, म्हणून ते वर उठतात आणि ड्रोनला खालून धक्के देतात. हे कारंजं एका जागी थांबत नाही, डावी-उजवीकडे हलत राहतं. त्यामुळे वीतभर उंचीवर ड्रोन अकारण डुलताना दिसतो.

त्यात आणखी एक गोंधळ होतो. बहुतेक ड्रोन उंची मोजायला हवेचा दाबही वापरतात. एक मीटर वर गेलं की दाब साधारण साडेआठ हजारांत एक भाग कमी होतो. एवढा सूक्ष्म फरक ओळखणारी, नखावर मावणारी चकती आत बसवलेली असते, आणि ही गोष्ट मला आजही थक्क करते. पण जमिनीजवळ ड्रोनच्याच हवेमुळे त्याच्याभोवतीचा दाब किंचित वाढतो. वाढलेला दाब म्हणजे कमी उंची, असं ती चकती समजते. ड्रोनला वाटतं आपण हव्या त्यापेक्षा खाली गेलो, तो जोर वाढवतो आणि टेकता टेकता पुन्हा टुणकन वर उठतो. नव्या ड्रोनमध्ये यावर उपाय केलेले असतात. पोटाखाली कॅमेरे असतात, अंतर मोजणारे सेन्सर असतात. तरी स्वस्तातल्या किंवा घरी जोडलेल्या ड्रोनमध्ये ही उडी हमखास दिसते.

एवढं होऊनही ड्रोन नुसता डुलेल, तेवढ्यानं उलटायचा नाही. उलटण्याचं खरं कारण पाय टेकल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात आहे.

उंच पायांचा एक ड्रोन घेऊ. पायांमधलं अंतर २० सेंटिमीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर. हा थोडा आडवा सरकत आला आणि त्याचा पाय ढेकळाला अडला. पाय थांबला, पण वरचं अंग पुढे जायला बघतं. ते उलटणार की परत खाली बसणार, हे कशावर ठरतं? वजनावर. कललेल्या अंगाला परत खाली ओढणारं वजनाशिवाय दुसरं काही नाही. ढोबळ हिशोब केला तर पंखे थांबलेले असताना असा ड्रोन उलटायला सेकंदाला साधारण १ मीटर आडवी गती लागते. तोच वजनाचा मध्य ५ सेंटिमीटरवर आणला, तर जवळजवळ तिप्पट गती लागेल. बुटका, फताड्या पायांचा ड्रोन दणकट का वाटतो, ते इथे कळतं.

पण उतरताना पंखे थांबलेले नसतात. पाय टेकले त्या क्षणी ते ड्रोनचं जवळजवळ सगळं वजन पेलतच असतात. समजा सहातले पाच भाग वजन अजून पंख्यांवर आहे आणि पायांवर फक्त एक भाग आलाय. म्हणजे ड्रोनला परत खाली बसवणारी ओढ एक-षष्ठांश उरली. त्याचं वस्तुमान मात्र तेवढंच आहे, आडवं जाण्याची खुमखुमीही तेवढीच. अशा वेळी तोच ड्रोन सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या आसपासच्या गतीनंही उलटू शकतो. आपण रमतगमत चालतो त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय अंग कललं की पंख्यांचा जोरही त्याच बाजूला कलतो, तो आणखी ढकलतो.

एक-षष्ठांश ओढ म्हणजे चंद्रावरचं गुरुत्वाकर्षण. पिंपळीच्या रानात पाय टेकलेला, पण पंखे अजून जोरात फिरत असलेला ड्रोन उलटण्याच्या हिशोबानं तेवढ्या क्षणापुरता चंद्रावर असतो.

म्हणूनच विक्रम लँडरचे आकडे वाचताना अंगावर काटा येतो. २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३चा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला. इस्रोनं टेकतानाच्या मर्यादा आधीच जाहीर केल्या होत्या. खाली येण्याची गती सेकंदाला २ मीटरपर्यंत, जमिनीचा उतार १२ अंशांपर्यंत, आणि आडवी गती? फक्त अर्धा मीटर. खालच्या गतीला जेवढी मुभा, तिचा चौथा हिस्सा आडवीला. २०१९मध्ये चांद्रयान-२चा विक्रम आदळल्यानंतर नव्या विक्रमचे पाय सेकंदाला ३ मीटरचा दणका सोसतील असे मजबूत केले गेले. दणका पायांनी सोसता येतो, आडवं घसरणं सोसता येत नाही. पावणेदोन टनांच्या यानाला लागू असलेलं हेच गणित पाव किलोच्या ड्रोनलाही लागू आहे.

त्या मोहिमेशी या परिसराचं नातं कागदावरचं नाही, पोलादाचं आहे. पिंपळीहून भवानीनगर ओलांडून पुढे गेलं की जंक्शन येतं आणि तिथून वळलं की वालचंदनगर. चांद्रयानाला पृथ्वीवरून उचलणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या दोन्ही बाजूंना जे एस-२०० बूस्टर असतात, त्यांचे भाग वालचंदनगर इंडस्ट्रीजच्या कारखान्यात घडले. इंदापूर तालुक्यात, उसाच्या शेतांमध्ये. इथल्या पोरांनी ड्रोन उडवताना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यांनाच विक्रमसारखं उतरता आलं नाही. जानेवारी २०२४मध्ये जपानचं स्लिम हे यान ठरलेल्या जागेच्या अगदी जवळ पोहोचलं, पण शेवटच्या टप्प्यात त्याचं एक इंजिन निकामी झालं. आडवी गती उरली आणि यान नाकावर उभं राहिलं. पुढच्याच महिन्यात, २२ फेब्रुवारीला, अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीचं उंच अंगाचं ओडिसियस उतरलं. त्याचाही पाय आडव्या गतीनं अडला, मोडला आणि यान कलंडलं. दोन्ही यानांनी कलंडलेल्या अवस्थेतही काम केलं, हे त्यांच्या बनवणाऱ्यांचं मोठेपण.

मंगळावरची गोष्ट मात्र खऱ्या अर्थानं ड्रोनची आहे. नासाचं इंजेन्युइटी हे १.८ किलोचं चार पायांचं हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ला पहिल्यांदा उडालं. पाच उड्डाणांची अपेक्षा होती, त्यानं ७२ केली. बाहत्तरावं, १८ जानेवारी २०२४चं, शेवटचं ठरलं. ते खालच्या जमिनीचे फोटो भराभर घेऊन त्यातले खडे, खुणा कशा सरकतात यावरून आपली गती ओळखायचं. त्या दिवशी खाली वाळूच्या एकसारख्या लाटा होत्या, ओळखीची खूण धरायला काही नव्हतं. नासाच्या तपासात निघालं ते असं: गतीचा अंदाज चुकला, टेकताना आडवी गती जास्त राहिली, वाळूच्या उतारावर पाय आदळून अंग झटक्यात कललं आणि पाती मोडली. १.८ किलोचं यंत्र दुसऱ्या ग्रहावर पडलं ते शेवटच्या वितीत, आडव्या गतीमुळे.

आपल्या ड्रोनच्या पोटाखालचा कॅमेराही हेच काम करतो. कालव्याचं हलतं पाणी, नुकतीच नांगरून रोटर मारलेली एकरंगी काळी माती, वाऱ्यावर लाटा घेणारा उसाचा हिरवा पसारा यांच्यावर त्याची नजर ठरत नाही. संधिप्रकाशात तर नाहीच. पाणी हललं की त्याला वाटतं आपणच सरकलो, आणि तो उलट बाजूला जातो. खूण असलेली जागा त्याला द्या. विकतचं लँडिंग पॅड चांगलं, पण ठसठशीत नक्षीची सतरंजी कोपऱ्यांना दगड ठेवून अंथरली तरी चालते. दगड विसरायचे नाहीत, नाहीतर सतरंजीच उडून पंख्यात जाते. अंथरूण घालायला दुसरंही कारण आहे. आपली काळी माती बसाल्टच्या खडकापासून झाली आहे आणि त्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात. शाळेतला लोहचुंबक कोरड्या मातीतून फिरवा, त्याला काळी मिशी फुटते. ड्रोनच्या मोटारीत चुंबकच असतात. धुळीत उतरलेल्या ड्रोनच्या मोटारीत हे कण जाऊन चिकटतात आणि सहजी निघत नाहीत.

काँक्रीटच्या गच्चीवर वेगळा धोका असतो. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या ड्रोनच्या होकायंत्राला फसवतात. त्याला दिशा चुकीची कळते, तो आपली जागा धरायला जातो आणि मोठी होत जाणारी वर्तुळं घ्यायला लागतो. आडवी गती तिथूनही येते.

आता ड्रोनच्या मेंदूकडे पाहू. तो सेकंदाला शेकडो वेळा स्वतःला विचारतो, मी सरळ आहे का? कललेला दिसला की खाली गेलेल्या बाजूच्या पंख्यांचा जोर वाढवतो. हवेत हे अचूक चालतं. उतारावर पाय टेकल्यावर मात्र तो फसतो. जमीनच कललेली आहे हे त्याला ठाऊक नसतं. तो खालच्या बाजूचे पंखे वाढवतो, अंग हलत नाही. म्हणून आणखी वाढवतो. हा वाढीव जोर साठत जातो आणि एका क्षणी खालची बाजू झटकन उचलली जाऊन ड्रोन चढाच्या बाजूला उलटतो. उताराकडे पडायच्या ऐवजी चढावर उलटलेला ड्रोन पाहून लोक चक्रावतात, त्याचं कारण हे. शर्यतीच्या ड्रोनमध्ये तर काही सेटिंग अशी असतात, की थ्रॉटल, म्हणजे पंख्यांचा जोर, शून्यावर आणला तरी मेंदू तोल सावरायचं सोडत नाही. तसा ड्रोन टेकताच मोटारी बंद कराव्या लागतात.

आपण टेकलो हे ड्रोनला कळतं कसं? त्याच्या पायात बटण नसतं. तो अनुमान काढतो: मोटारी अगदी कमी जोरात आहेत, तरी मी खाली जात नाही, धक्केही नाहीत, आणि हे सगळं काही काळ टिकलंय, म्हणजे जमीन आली. आर्डूपायलट या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त प्रणालीत हा काळ साधारण एक सेकंदाचा असतो, आणि स्वयंचलित उतरण्याचा शेवटचा वेग मूळ सेटिंगमध्ये सेकंदाला ५० सेंटिमीटर. आपला हात जितका ठाम, तितका ड्रोनचा हा संशय लवकर फिटतो. टेकल्यावर स्टिक अर्धवट ठेवणं, थोडं वर, थोडं खाली करत राहणं म्हणजे त्याला चंद्रावर ताटकळत ठेवणं.

मग उतरवायचं कसं? उंचावरून सरळ खाली, वेगानं आणू नका. आपणच खाली ढकललेल्या हवेत ड्रोन शिरला तर पंख्यांची हवा गोल फिरून वरून परत आत येते, उचल ढासळते आणि तो हेलकावे खात कोसळू लागतो. थोडं पुढे सरकत, तिरकं उतरवलं की ताजी हवा मिळते. पुरुषभर उंचीवर आणून थांबवा. डुलणं शांत होऊ द्या. उभा ऊस जवळ असेल तर त्याच्या आडोशाला वारा घुटमळतो, म्हणून फडापासून लांब जागा घ्या. मार्च-एप्रिलच्या दुपारी वावटळी उठतात, त्या वेळी उतरण्याची घाई नको. वाऱ्यात ड्रोन वाऱ्याकडे झुकून उभा असतो, त्याचे त्या बाजूचे पाय आधी टेकणार हे धरून चाला. मग थ्रॉटलची स्टिक हळू, एकाच लयीत खाली. आडवं नेणारी स्टिक शेवटच्या हातभर उंचीवर सोडून द्या. ड्रोन सरकतोय असं दिसलं तर उलट बाजूला ढकलू नका, वर घ्या आणि पुन्हा या. वीतभर उंचीवर रेंगाळू नका. पाय टेकले की थ्रॉटल पूर्ण खाली, आणि पाती थांबेपर्यंत तसाच धरून ठेवा.

फवारणीच्या ड्रोनला हेच नियम, फक्त परिणाम मोठे. त्याच्या टाकीत साधारण १० लिटर औषध असतं. अर्धी भरलेली टाकी असताना तो आडवा सरकत उतरला तर पाय थांबतात आणि आतलं पाणी पुढे जाऊन आदळतं. त्यामुळे त्याचे पाय लांब नळ्यांचे आणि फाकलेले असतात. नमो ड्रोन दीदी योजनेतून हे यंत्र हाताळायला शिकणाऱ्या बायकांचं मला विशेष कौतुक वाटतं. वीस-पंचवीस किलोचं यंत्र बांधाशेजारी अलगद टेकवणं ही मोठी विद्या आहे.

उडवण्याआधी एक काम घरबसल्या करा. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या १२ किलोमीटरच्या परिसरात बंधनं आहेत, आणि बारामतीला विमानतळ आहे, तिथे वैमानिक प्रशिक्षणाची विमानं घिरट्या घालतात. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात आपलं शिवार हिरव्यात येतं, पिवळ्यात की लाल पट्ट्यात, ते आधी पाहा. आणि ड्रोन उतरताना लहान मुलं हमखास त्याच्याकडे धावतात, त्यांना दहा पावलं लांब उभं करा. त्यांना सांगा, ड्रोनकडे नंतर पळा, आधी पाचटाकडे बघा. पानं पोटाखाली वर का उसळतात, हा प्रश्न त्यांच्यातलं कुणीतरी नक्की विचारेल.